वाड्यातला गळका पाईप, मालकाचा नकार आणि भाड्यातली वजावट

प्रश्न : पुण्यात पेठेतल्या जुन्या वाड्यात आम्ही सहा बिऱ्हाडे पागडीने राहतो. पाण्याचा उभा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप दोन ठिकाणी गळतो आणि ओल मातीच्या भिंतीत उतरली आहे. प्लंबर म्हणतो, पूर्ण लाईन बदलावी लागेल, खर्च १८,००० रुपये. मालक म्हणतात, ‘चारशे रुपये भाड्यात अठरा हजारांची दुरुस्ती होत नाही. पटत नसेल तर जागा सोडा.’ आम्ही भाडे थांबवावे का? स्वतः काम केले तर पैसे वळते करता येतात का? त्यावरून जागा खाली करायला लावतील का?

उत्तर : भाडे थांबवू नका. तुमची बाजू भक्कम आहे, ती नेमकी तिथेच कच्ची पडते. थकबाकी हे जागा खाली करून घेण्याचे मालकाच्या हातातले सर्वांत सोपे कारण आहे. ते तुम्ही आपण होऊन देऊ नये.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे जागा राहण्याजोगी, सुस्थितीत ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे. भाडे कमी आहे म्हणून ती संपत नाही. अपवाद एकच, भाडेकरूने वेगळा करार केलेला असणे. तेव्हा आधी जुन्या भाडेचिठ्ठ्या आणि पागडीचे कागद काढून वाचा. ‘किरकोळ व मोठी दुरुस्ती भाडेकरूने करावी’ असे वाक्य कुणाच्या कागदात असेल, तर पुढचे सगळे त्या बिऱ्हाडाला जसेच्या तसे लागू होणार नाही.

असे वाक्य नसेल तर मालकाला किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्या. त्यानंतर वाजवी मुदतीत त्यांनी काम केले नाही, तर भाडेकरू ते स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतात. मात्र एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त वजावट करता येत नाही. बहुतेक भाडेकरू इथेच फसतात. तुमचे भाडे ४०० म्हणजे वर्षाचे ४,८००, वजावट १,२००. अठरा हजार तुम्ही एकट्याने घातलेत तर ते फिटायला पंधरा वर्षे लागतील.

म्हणून काम सहाही जणांनी मिळून करा. संयुक्त दुरुस्तीत खर्चाची वाटणी भाड्याच्या प्रमाणात होते आणि त्यावर वर्षाला १५ टक्के सरळव्याजही धरता येते. सगळ्यांचे भाडे सारखे धरले तर प्रत्येकाच्या वाट्याला ३,००० येतात. दरमहा १०० रुपये वळते करून ३०० भरत राहा. मूळ रक्कम तीस महिन्यांत वसूल होते, व्याज धरल्यास थोडे पुढे. तीन महिन्यांचे भाडे एकदम बुडवण्यापेक्षा दरमहा थोडे कापलेले बरे, कारण मग एकही महिना ‘न भरलेला’ दिसत नाही. पहिल्या कपातीबरोबर हिशेबाचे पत्र मालकाला पाठवा. मालक भाडे घेत नसतील तर बँकेतून किंवा चेकने पाठवा आणि पुरावा जपून ठेवा.

नोटीस लहान असावी. गळती कुठे आहे (‘जिन्यालगतच्या उभ्या लाईनवर पहिल्या मजल्याच्या एल्बोजवळ आणि तळमजल्याच्या सॉकेटजवळ’; एल्बो म्हणजे वळणाचा जोड, सॉकेट म्हणजे सरळ जोड), कधीपासून आहे, भिंतीला काय झाले आहे, अंदाजे खर्च किती, आणि ‘१५ दिवसांत दुरुस्ती न झाल्यास कलम १४ खाली आम्ही ती करून खर्च वळता करू’ एवढे पुरे. वाड्यातल्या जुन्या भांडणांचा पाढा त्यात नको. सहाही जणांच्या सह्या घ्या. वाड्याला वारस अनेक असतात, म्हणून भाडेपावतीवर ज्यांची सही असते त्यांना तर पाठवाच, शिवाय माहीत असलेल्या प्रत्येक वारसालाही स्पीड पोस्टाने पाठवा. व्हॉट्सअ‍ॅप जोडीला चालेल, त्याच्यावरच विसंबू नका.

आता प्लंबरचा मुद्दा, कारण मालकाचा वकील तोच धरेल. तो म्हणेल, ‘दोन जोड गळत होते, यांनी अख्खी लाईन नवी टाकली, ही दुरुस्ती नव्हे, सुधारणा आहे.’ जुना जीआय पाईप आतून गंजतो आणि आट्यांपाशी सर्वांत पातळ झालेला असतो. एक एल्बो काढायला पान्हा लावला की पिळ पुढच्या जोडावर जातो आणि तो तुटतो, म्हणून तुकडा बदलून भागत नाही. हे कारण प्लंबरने अंदाजपत्रकावर लिहून द्यायला हवे. परवानाधारक प्लंबरकडून दोन अंदाजपत्रके घ्या. नवा पाईप सीपीव्हीसी या प्लास्टिकचा चालेल, पण मार्ग तोच आणि मापही जुन्याच्या जोडीचेच ठेवा. काढलेल्या पाईपचा गंजलेला तुकडा फेकू नका. एल्बोसकट कापून ठेवलेला हातभर तुकडा न्यायालयात पानभर युक्तिवादाहून जास्त बोलतो.

बिलाबद्दल कलम १४ भाडेकरूच्या बाजूने फार स्पष्ट आहे : भाडेकरूंनी ठेवलेला हिशेब आणि पावत्या हाच खर्चाचा निर्णायक पुरावा, आणि तो मालकावर बंधनकारक. पण ‘प्लंबिंग काम, एकूण १८,०००’ अशी चिठ्ठी म्हणजे पावती नव्हे. किती फूट पाईप, किती एल्बो, टी (तीन तोंडांचा जोड) आणि युनियन (उघडता येणारा जोड), व्हॉल्व्ह कोणता, मजुरी किती, असे वेगवेगळे लिहून घ्या. दुकानाचे बिल पक्के असावे आणि पैसे यूपीआयने किंवा चेकने द्यावेत.

पंधरा दिवस गळती वाहू द्यायची नाही, हेही खरे. मातीच्या भिंतीत पाणी मुरले की पायथ्याची माती सुटते, भिंत फुगते आणि शेजारचा लाकडी खांब बुडातून कुजतो. पाणी विजेच्या बोर्डाकडे जात असेल तर आधी मेन स्विच बंद करा. मग लाईनचा व्हॉल्व्ह बंद करून गळक्या जागी रबराचा तुकडा आणि वर क्लॅम्प आवळा. ओल्या पाईपवर एम-सील (गळती बुजवायची लांबी) धरत नाही. जागा पुसून, घासून कोरडी करावी लागते. क्लॅम्प लावण्याआधी आणि नंतर फोटो काढा. हा किरकोळ खर्च नोटिशीआधीचा, म्हणून तो वजावटीत घालू नका. शे-दोनशे रुपयांसाठी सगळ्या हिशेबावर शंका घ्यायला जागा राहते.

दुरुस्तीच्या निमित्ताने नवी मोरी, विटांची टाकी, नवा संडास असले काही बांधू नका. मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम हे कलम १६ खाली जागा खाली करून घेण्याचे कारण आहे, आणि ‘चाललंय तर उरकून घेऊ’ म्हणत केलेली मोरी भाडेकरूला महागात पडू शकते. जुना पाईप बदलणे यात येत नाही.

मालकाने प्लंबरला अडवले किंवा पाणीच तोडले, तर कलम २९ लागू होते. पाणी ही अत्यावश्यक सेवा आहे. वाजवी कारणाशिवाय ती तोडता किंवा अडवता येत नाही. पुण्यात त्यासाठी लघुवाद न्यायालयात अर्ज करावा लागतो, अंतरिम आदेशही मागता येतो. नोटीस, पोचपावत्या आणि फोटो तेव्हाच उपयोगी पडतात.

शेवटी, मालक उद्या ‘वाडा धोकादायक आहे’ म्हणतील. तोंडी म्हणण्याला अर्थ नाही, महापालिकेची लेखी नोटीस मागा. ती खरोखर आली असेल तर पाईपवर पैसे घालू नका. आधी प्रत्येकाच्या जागेचे क्षेत्रफळ आणि भाडेकरूंची नावे महापालिकेच्या नोंदीत येतील हे पाहा. इमारत पडली किंवा पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केले आहे. अशी नोटीस हातात पडली तर तिची प्रत घेऊन लगेच वकिलाला भेटा.