सातव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत उजव्या अंडाशयावर ४ सेंमीची गाठ दिसली, बाळाला धोका आहे का? (कोल्हापूर)

रिपोर्टमध्ये ‘सिंपल’ किंवा ‘कॉर्पस ल्युटियम सिस्ट’ लिहिलं असेल आणि गर्भाची पिशवी गर्भाशयातच दिसली असेल, तर या गाठीने बाळाला सहसा धोका नसतो. स्त्रीबीज जिथून सुटलं तिथेच ती तयार होते, आणि वार (प्लॅसेंटा) काम हाती घेईपर्यंत, म्हणजे साधारण ८ ते १० आठवडे, गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन तिथूनच येतं. तेव्हा गाठ विरघळवायचे काढे वगैरे अजिबात नकोत. १४-१६ आठवड्यांपर्यंत बहुतेक गाठी आपोआप जिरतात. सीए-१२५ची (अंडाशयाच्या कॅन्सरच्या शंकेसाठी करतात ती रक्ततपासणी) घाई करू नका; गरोदरपणात तो आकडा एरवीही वाढतो. गाठीत पडदे किंवा घट्ट भाग असेल, किंवा ती ५ सेंमीहून मोठी असेल, तर मात्र पुन्हा सोनोग्राफी हवी. ऑपरेशन लागलंच तर शक्यतो चौथ्या-पाचव्या महिन्यात करतात.

एका बाजूला अचानक असह्य कळ, सोबत उलट्या किंवा घेरी आली तर अंडाशयाला पीळ पडलेला किंवा गाठ फुटलेली असू शकते. त्याला पित्त समजून रात्र काढू नका. आजरा-गगनबावड्याकडे असाल तर १०८ला फोन करा, शहरात असाल तर तुमच्या डॉक्टरांकडे नाहीतर थेट सीपीआरला (छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) जा.