एल्ब्रुसवर तेल नव्हतं: कॉकेशस 1942 वर बोलणाऱ्यांसाठी, एका पोळलेल्याकडून

तुमचा प्रश्न वाचला आणि आमच्या माळ्यावरचं एक खोकं आठवलं. खोकं कशाचं ते पुढे येईलच.

तुम्हाला ट्रेकिंग ग्रुपच्या मेळाव्यात 40 मिनिटं बोलायचंय. विषय 'एल्ब्रुस 1942: तेलासाठी शिखरावरची लढाई'. (एल्ब्रुस म्हणजे कॉकेशस पर्वतातलं सगळ्यात उंच शिखर, आणि 1942 म्हणजे जर्मन सैन्य तिथल्या सोव्हिएत तेलासाठी चालून गेलं ते साल.) स्लाइड झाल्यात, फक्त शिखर आणि तेल यांचा सांधा नीट जुळत नाहीये आणि धड नकाशा मिळत नाहीये, असं तुम्ही लिहिलंय. तुमची 14 नंबरची स्लाइडही बघितली. एल्ब्रुसवरून निघून बाकूला, म्हणजे कॅस्पियन समुद्राकाठच्या तेलाच्या शहराला, जाणारा लाल बाण. अहो, हाच बाण मी 2011 साली काढला होता! डिट्टो हाच, लाल रंगासकट.

आधी खुलासा. मी इतिहासाचा प्राध्यापक वगैरे नाही, बँकेत होतो. जर्मन येत नाही, रशियन अक्षरं लावून लावून वाचतो. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी. हिटलर कोण, स्टालिनग्राड कुठे हे तुम्हाला माहीत असणारच, त्यात वेळ घालवत नाही.

2011 साली मी एका हौशी मंडळात याच विषयावर बोललो. 60 स्लाइड, त्यातल्या चाळीसेक बर्फाच्या. 21 ऑगस्ट 1942 ला जर्मन कॅप्टन ग्रोथच्या तुकडीने एल्ब्रुसवर झेंडा लावला, तो प्रसंग मी असा रंगवला की बायका पुढे सरकून ऐकत होत्या. शिवाय व्याख्यानाच्या आधीच उत्साहात एक पुस्तिका छापून घेतली होती, 300 प्रती, स्वखर्चाने, दारात टेबल लावून विकायला. मुखपृष्ठावर एल्ब्रुसची दोन टोकं. पान 11 वर तो बाण.

प्रश्नोत्तरांत पहिल्या रांगेतले एक काका उठले. उभा जन्म तेलविहिरींच्या ड्रिलिंगवर गेलेला. त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, "या शिखरापासून सगळ्यात जवळची विहीर किती लांब?" मी म्हटलं, "तिथेच, पायथ्याशी." त्यांनी पुस्तिका उघडली, पान 11 वर अंगठा आणि तर्जनी ताणून अंतर घेतलं आणि तीच बोटं तशीच खालच्या स्केलवर ठेवली. मग म्हणाले, "तुमच्याच नकाशात दोनशेच्या वर भरतंय की हो."

सभागृहात हशा नाही झाला. हशा परवडला असता.

घरी येऊन मोजलं. एल्ब्रुसपासून मायकोप शहर हवाई अंतराने साधारण 230 किलोमीटर, पश्चिमेला. ग्रोझनी साधारण 260, पूर्वेला. म्हणजे शिखर दोन्ही तेलांच्या जवळजवळ मध्यावर, आणि दोन्हींपासून सारखंच लांब! आणि बाकू? 700 किलोमीटर. मुंबई-हैदराबादहून जास्त. माझा बाण दोन इंचांत पोचला होता.

आता तेलाचं घ्या, कारण तुमच्या स्लाइडमध्ये 'कॉकेशसचं तेल' असा एकच शब्द आहे आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. तेल तीन जागी होतं आणि तिन्ही जागा एका मापाच्या नव्हत्या. मायकोपच्या नैऋत्येला नेफ्तेगोर्स्क, खादिझेन्स्क या पट्ट्यात वर्षाला 20 लाख टनांच्या वर. ग्रोझनीचंही त्याच मापाचं. आणि बाकूचं 1941 सालचं उत्पादन 2 कोटी 35 लाख टन. सोव्हिएत तेलाचा सत्तर टक्क्यांहून मोठा वाटा एकट्या बाकूचा. श्रोत्यांना हा फरक आधी दाखवा, नाहीतर ते मायकोप पडलं म्हटल्यावर अर्धं युद्ध जिंकलं असं समजतात. मीही समजलो होतो.

मायकोप 9 ऑगस्टला पडलं. जर्मनांनी तेल काढण्यासाठी वेगळी तांत्रिक ब्रिगेडच उभी केली होती, हजारो माणसांची, ड्रिलिंगच्या सामानासकट. ती पोचली तेव्हा विहिरी बुजवलेल्या, यंत्रं हलवलेली किंवा मोडलेली. हे काम निकोलाय बायबाकोव्ह या तिशीतल्या माणसाकडे होतं. त्याने आठवणींत लिहिलंय की स्टालिनने त्याला दोन्हीकडून बांधलं होतं: जर्मनांना तेल मिळालं तर गोळी, आणि जर्मन आलेच नाहीत पण विहिरी बुजवून बसलास तरी गोळी. (हा किस्सा जरूर सांगा. नोकरी केलेल्या प्रत्येक माणसाला तो आपला वाटतो.) जानेवारी 1943 पर्यंत धडपडून जर्मनांच्या हाती काय लागलं, तर दिवसाला 70 पिंपांच्या आसपास, असा आकडा येतो. 70 पिंपं म्हणजे दहा टनसुद्धा नाही. आपल्याकडचा एक टँकर त्याहून जास्त नेतो.

मग डोंगरातलं सैन्य काय करत होतं? इथे नीट लक्ष द्या, तुमच्या व्याख्यानाचा जीव इथे आहे.

23 जुलैच्या 45 क्रमांकाच्या आदेशाने हिटलरने एकाच वेळी दोन कामं काढली, स्टालिनग्राड आणि कॉकेशस. कॉकेशसच्या मोहिमेचं नाव 'एडेलवाइस', फील्ड मार्शल लिस्टच्या हाताखाली. त्यातलं 49 वं माउंटन कोअर, म्हणजे डोंगरी लढाईसाठीचं मोठं सैन्यदल, जनरल कोनराडचं, मुख्य रांगेतल्या खिंडींवर गेलं. क्लुखोर, साधारण 2800 मीटर. मारुख. सांचारो. या खिंडी ओलांडल्या की खाली लागतं काय? सुखुमी, गुदाउता. काळ्या समुद्राचा किनारा. संत्री आणि चहा. तेल नाही! किनारा हाती आला असता तर सोव्हिएत आरमाराचे तळ गेले असते, किनाऱ्याने पुढे रस्ता मिळाला असता, हे खरं. पण विहीर एकही नाही.

आणि मायकोपच्या तेलाची खरी वाट होती काळ्या समुद्रावरच्या तुआप्सेला. तिथे बंदर, रिफायनरी. ग्रोझनीहून तुआप्सेपर्यंत 1928 सालीच पाइपलाइन टाकलेली. त्या वाटेवरचे डोंगर हजार मीटरच्या आसपासचे, गच्च झाडीचे, चिखलाचे. फोटो चांगले येत नाहीत, म्हणून तिथे कुणी जात नाही (तुमच्याही 52 स्लाइडमध्ये तुआप्से नाही, शोधलं मी). शरदात जर्मन तिथे अक्षरशः एकेका ओढ्यासाठी लढले. तुआप्से शेवटपर्यंत मिळालं नाही.

जी माणसं आणि खेचरं तुआप्सेच्या वाटेवर हवी होती त्यातली बरीच तेव्हा खिंडींत अडकलेली. लिस्ट आणि कोनराड दोघांचंही म्हणणं तेच होतं: खिंडींत पहारा ठेवा, बाकीचं सैन्य काढून तुआप्सेकडे द्या. 7 सप्टेंबरला हिटलरचा विश्वासू योडल स्वतः विमानाने लिस्टकडे गेला आणि लिस्टचीच बाजू घेऊन परत आला. झालं! हिटलरने योडलशी हस्तांदोलन बंद केलं, अधिकाऱ्यांबरोबर जेवणं बंद केलं, बैठकीत लघुलेखक बसवले, आणि दोन-तीन दिवसांत लिस्टला घरी पाठवून सैन्यगट स्वतःच्या हाताखाली घेतला. सगळं भांडण खिंड की तुआप्से यावरून. माझ्या 60 स्लाइडमध्ये हे एका ओळीनेही नव्हतं.

झेंड्याचं म्हणाल तर हिटलर त्यावर खूश नव्हताच. हिटलरचा मंत्री श्पेअर याने लिहून ठेवलंय की या डोंगरवेड्यांवर तो तासन् तास भडकला होता. 'प्रियुत 11' ही त्या वाटेवरची निवारा-इमारत, चार हजार मीटरच्या वर. ती ताब्यात घेण्याला थोडा तरी लष्करी अर्थ होता. झेंड्याला नव्हता. फेब्रुवारी 1943 मध्ये सोव्हिएत गिर्यारोहकांनी भर हिवाळ्यात वर जाऊन दोन्ही टोकांवरचे झेंडे काढले. माझ्या मते चढाई म्हणून ही जास्त मोठी गोष्ट. पण हे माझं मत.

दुसरं, 'हिवाळ्याने जर्मन थांबले' ही स्लाइड काढून टाका. खिंडींत सप्टेंबरात बर्फ पडायला लागलं, तिथपुरतं बरोबर. पण ग्रोझनीच्या वाटेवर जर्मन जनरल क्लाइस्टचे रणगाडे मोझ्दोकला 25 ऑगस्टला पोचले होते. तेरेक नदीवर ते खोळंबले ते ऐन उन्हाळ्याच्या शेवटी, आणि मोठं कारण पेट्रोल! तेल आणायला निघालेलं सैन्य तेलावाचून उभं. युद्धानंतर क्लाइस्टने स्वतः हेच सांगितलं: काळा समुद्र सुरक्षित नाही, म्हणून बहुतेक पुरवठा रोस्तोव्हच्या चिंचोळ्या रेल्वेमार्गाने, आणि तो पुरायचा नाही. त्यात रशियन रूळ रुंद, जर्मन अरुंद. विमानंही स्टालिनग्राडकडे वळवलेली. ऑक्टोबरात लुफ्तवाफेने, म्हणजे जर्मन हवाईदलाने, ग्रोझनीच्या रिफायनऱ्या बॉम्ब टाकून पेटवल्या. जे आपलं होणार म्हणून आलो तेच जाळायचं, यातच काय ते समजा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ते आजच्या व्लादिकावकाझच्या वेशीपर्यंत गेले, तिथे मार खाल्ला आणि जानेवारीत माघार.

समजा बाकू मिळालं असतं, तरी तिथलं तेल जर्मनीला न्यायचं कशाने? काळ्या समुद्रात पुरेसे टँकर नाहीत, डॅन्यूबवर आधीच रुमानियाच्या तेलाची गर्दी. त्या काकांचा दुसरा प्रश्न हाच होता. तेव्हा मी पाणी प्यायलो.

नकाशांबद्दल. माझा बाण चुकला तो शाळेच्या अ‍ॅटलासवरून ट्रेस केला म्हणून, आणि ट्रेस केला ते एका कार्यालयामुळे. नाव घेत नाही, आमच्याच शहरातलं आहे. त्यांच्याकडे त्या भागाचा जुना तपशीलवार नकाशा होता, सूचीत नोंद होती, मी स्वतः पाहिली. पाच खेपा घातल्या. पहिल्यांदा साहेब रजेवर. दुसऱ्यांदा अर्ज साध्या कागदावर चालत नाही. तिसऱ्यांदा चालतो, पण संस्थेच्या लेटरहेडवर. चौथ्या खेपेला खिडकीतल्या गृहस्थांनी विचारलं, "सीमाभाग आहे का?" म्हटलं, "आहे, सोव्हिएत युनियनचा. तो देश आता नाही." ते म्हणाले, "मग परवानगी कुणाची आणणार?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाचव्या खेपेला नकाशा 'बाइंडिंगला' गेलेला. 70 वर्षांपूर्वीच्या नकाशाने आता कुणाचं काय वाकडं होणार होतं, देव जाणे. तुम्ही त्या फंदात पडू नका. सोव्हिएत जनरल स्टाफचे जुने नकाशे आता इंटरनेटवर सहज दिसतात, रशियन अक्षरं दोन संध्याकाळी शिकून घ्या. गावांची नावं बदललीत तेवढं बघा: व्लादिकावकाझ तेव्हा ओर्जोनिकिद्झे होतं, स्ताव्रोपोल होतं वोरोशिलोव्स्क. आणि एल्ब्रुस वेगळा, इराणची अल्बुर्झ रांग वेगळी. तुमच्या स्लाइड 9 वर गल्लत झालीये.

इराणवरून आठवलं. आपल्या लोकांचा दुवा हवा असेल तर उगाच एल्ब्रुसवर मराठे शोधू नका. दुवा दक्षिणेला आहे. जर्मन कॉकेशस ओलांडून इराणमधल्या अबादानच्या रिफायनरीपर्यंत येतील या भीतीने ब्रिटिशांनी ऑगस्ट 1942 मध्ये इराण-इराकसाठी वेगळं कमांड काढलं, आणि तिथलं पायदळ मुख्यतः भारतीय. त्यातली 8 वी भारतीय डिव्हिजन पुढे इटलीत गेली. आपल्या नामदेव जाधवांना 1945 चा व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो याच डिव्हिजनमध्ये. एक स्लाइड पुरे. जास्त ताणलंत तर मूळ विषय सुटेल.

किरकोळ: झेंड्याचा फोटो पहिल्या स्लाइडला नको, कुणीतरी उठून जातं. सगळं पीडीएफ करून न्या, हॉलच्या कॉम्प्युटरवर मराठी फॉन्टचे चौकोन होतात. आणि ट्रेकर मंडळींना खेचरांबद्दल सांगा: खिंडीत वर जाणाऱ्या ओझ्यातला मोठा वाटा त्या खेचराच्याच चाऱ्याचा असतो, वाट जितकी लांब तितकं तोफेला कमी उरतं. हे त्यांना लगेच कळेल, सगळ्यांनी सॅक उचललेली असते.

शीर्षक बदला म्हणणार नाही, पत्रिका छापून झाल्या असतील. पण 14 नंबरची स्लाइड बदलून मला पुन्हा दाखवा. आणि खोक्यात पुस्तिकेच्या दोनशेच्या वर प्रती पडून आहेत, मेळाव्यात फुकट वाटायच्या असतील तर घेऊन जा. पान 11 वरचा बाण मी प्रत्येक प्रतीत निळ्या पेनाने खोडलाय, तुआप्सेची वाटही हातानेच काढलीये. साधारण दीडशेव्या प्रतीपासून रेघ जरा वाकडी आहे.