टूर न घेता जपानमधल्या ओन्सेन गावात आपल्या तंद्रीत फिरता येतं का?

तुम्ही विचारलंय की भाषा येत नाही, टूर घ्यायची नाही आणि पळापळही नको, तर गरम पाण्याच्या झऱ्यांच्या जपानी गावात दोन दिवस निभेल का. निभेल, फक्त गाव नीट निवडा. मी किनोसाकी सुचवेन. क्योतोहून थेट एक्सप्रेस आहे, साधारण अडीच तास लागतात, आणि स्टेशनातून बाहेर पडलात की गाव समोरच.

मधून छोटी ओतानी नदी, दोन्ही काठांना विलो, दगडी कमानीचे बुटके पूल आणि दोन-तीन मजली लाकडी घरं. गावात सात सार्वजनिक स्नानगृहं आहेत. मुक्कामाला असलात तर यजमान जो पास देतात, त्यावर सातही फुकट. तिथले लोक म्हणतात की अख्खं गाव म्हणजे एकच रयोकान (पारंपरिक सराई): स्टेशन हा दरवाजा, रस्ते म्हणजे ओसरी आणि स्नानगृहं ही न्हाणीघरं. मला हे जाहिरातीतलं वाक्य वाटलं होतं. संध्याकाळी पाहिलं तर खरंच सगळे युकाता (पातळ सुती झगा) घालून, पायात गेता अडकवून टकटक करत रस्त्यातून चाललेले. गेता म्हणजे आपल्या खडावांचीच जपानी बहीण. पहिला तासभर अंगठ्याजवळ चावतात, म्हणून चिकटपट्टी जवळ ठेवा.

लोक अंघोळीला सराईबाहेरच का जातात, यामागे एक भांडण आहे. १९२७ च्या सुमारास एका सराईने आपल्या आवारातच गरम पाणी काढलं. गावकरी म्हणाले, पाणी सगळ्यांचं आहे. खटला चालला, तो १९५० मध्ये तडजोडीने मिटला. आतली स्नानगृहं चालतील, पण ती लहान ठेवायची, असं ठरलं. (१९२५ च्या भूकंपात आणि आगीत गाव बेचिराख झालं होतं, त्यातून उठून दोनच वर्षांत हा तंटा!) त्या तडजोडीमुळेच आजही रस्त्यावर ही वर्दळ असते.

आता खरी अडचण. आपण वज्रेश्वरीला किंवा राजापूरजवळच्या उन्हाळे गावच्या गरम झऱ्यात कपड्यांनिशी उतरतो. इथे अंगावर काहीच नसतं. बायका-पुरुषांची सोय वेगळी असली तरी संकोच होतोच. आमच्या घरचे गृहस्थ पहिल्या दिवशी रस्त्यालगतच्या कुंडात नुसते पाय बुडवून बसले होते. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांना बाहेर काढावं लागलं. आधी लहान स्टुलावर बसून साबण लावून स्वच्छ अंघोळ करायची, साबण पुरता धुवायचा आणि मगच पाण्यात उतरायचं. हातातला छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही; लोक तो घडी करून डोक्यावर ठेवतात. कुणी कुणाकडे बघत नाही. पाणी चाळीस-बेचाळीस अंशांचं असतं, त्यामुळे पाच-सात मिनिटांत बाहेर येऊन बसा. गोंदण असलं तरी इथे अडवत नाहीत. जपानमध्ये सगळीकडे तसं नाही.

युकाता नेसताना डावा पदर उजव्याच्या वर. उलट नेसवतात ते मृताला.

सातही एका संध्याकाळीत उरकायचा मोह होईल, पण चौथ्यानंतर माणूस उकडलेल्या बटाट्यासारखा होतो. मी दिवसाला दोन करेन. गुहेतलं स्नान हवं असेल तर इचिनोयु, आणि शांतपणा हवा असेल तर टोकाचं कोनोयु. जखमी करकोचा तिथल्या पाण्यात पाय बुडवून बरा झाला, अशी त्याची कथा आहे. करकोच्याचं पुढचं मात्र कथा नाही: १९७१ मध्ये जपानच्या रानातून तो नाहीसा झाला आणि २००५ मध्ये याच तोयोओका भागात पुन्हा मोकळा सोडला गेला. प्रत्येक स्नानगृहाला आठवड्याची एक सुट्टी असते, ती मुक्कामाच्या ठिकाणी आल्याआल्या विचारून घ्या.

जेवणाबद्दल स्पष्टच सांगते. नोव्हेंबर ते मार्च हा खेकड्यांचा हंगाम, त्यात दर चढतात. शाकाहारी असाल तर खोली ठरवतानाच लिहून कळवा आणि माशाच्या अर्काचं पाणी, म्हणजे दाशीही चालत नाही, हे वेगळं लिहा. नाहीतर 'भाजी' म्हणून समोर येईल त्यातही मासा असेल. जमत नाही म्हणाले तर जेवणाशिवाय खोली घ्या. रात्रीच्या जेवणाची वेळ ठरलेली असते आणि ती पाळावी लागते. आपल्या तंद्रीत फिरण्याला तेवढी एकच कात्री. सकाळी रोपवेच्या पायथ्याशी झऱ्याच्या पाण्यात अंडी उकडून खाता येतात.

दुसरा दिवस मोकळा असेल तर गेनबुदोच्या गुहा बघा, पुढच्याच स्टेशनापाशी, पण मारुयामा नदीच्या पलीकडे. बेसॉल्टचे षटकोनी खांब रचल्यासारखे उभे आहेत. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिली असेल तर ओळखीचं वाटेल. पृथ्वीचं चुंबकत्व एके काळी उलटं होतं, हे मातुयामा या शास्त्रज्ञाने १९२९ मध्ये मांडलं, ते इथल्या खडकापासून सुरुवात करून. सायकल भाड्याने घेऊनही जाता येतं. त्या दिवशी मात्र गेता खोलीवरच ठेवा.