वाचकांचे प्रश्न : एका दिवसाचा कार्यक्रम आणि वर्षभराची मधली सुट्टी

गेल्या अंकात या सदरात शाळेतील चिडवाचिडवीविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे समलिंगी आणि पारलिंगी (ट्रान्सजेंडर) मुलांविषयी, किंवा इतरांनी तशी ठरवून टाकलेल्या मुलांविषयी होती. त्यांपैकी चार येथे घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची नावे अर्थातच राखून ठेवली आहेत.

प्रश्न : मी एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. नववीतील एका मुलाला त्याच्या चालण्याबोलण्यावरून इतर मुले ‘बायल्या’ म्हणतात. स्नेहसंमेलनात त्याने लावणी केल्यापासून हा त्रास फारच वाढला आहे. समलिंगी आणि पारलिंगी मुलांविषयी शाळेत एक कार्यक्रम घ्यावा, असे मी शिक्षकांच्या बैठकीत सुचवले. त्यावर ‘हे शहरातले खूळ आहे’, ‘पालक भांडायला येतील’ आणि ‘हे कायद्यात बसते का’ असे तीन आक्षेप आले. मुख्याध्यापकांनी निर्णय माझ्यावर सोपवला आहे. मी काय करावे?

उत्तर : कायद्याचा आक्षेप आधी घेते, कारण तो सर्वांत लवकर संपतो. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी पारलिंगी व्यक्तींचा आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध, ते गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या कक्षेतून बाहेर काढले. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१९ च्या कायद्यात तर शाळांसाठी स्वतंत्र कलम आहे. शासनाने मान्यता किंवा अनुदान दिलेल्या शिक्षणसंस्थेने अशा विद्यार्थ्यांना कोणताही भेदभाव न करता शिक्षणाच्या, खेळाच्या आणि करमणुकीच्या संधी द्याव्यात, असे त्याचे तेरावे कलम सांगते. आपल्या सहकाऱ्यांनी कायद्याचेच नाव काढले असेल, तर हे कलम शिक्षकखोलीतील फलकावर लावायला हरकत नाही.

‘शहरातले खूळ’ हा आक्षेप मला जास्त गमतीचा वाटतो. बालगंधर्वांच्या शालूची आणि केशरचनेची नक्कल प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया करीत, हे आपण कौतुकाने सांगतो. आणि चित्रपटांत नाच्या रंगवणाऱ्या गणपत पाटील यांना प्रत्यक्ष आयुष्यातही टिंगल सोसावी लागली, हे सहसा सांगत नाही. दोघांच्याही त्या भूमिका होत्या आणि त्यांवरून त्यांच्या खासगी आयुष्याविषयी काहीच सिद्ध होत नाही. आपल्या नववीतील मुलाचेही तसेच आहे. तो समलिंगी असेल, नसेल, किंवा त्याचे त्यालाच अजून उमगलेले नसेल. त्याला फक्त लावणी आवडत असेल. म्हणूनच हा कार्यक्रम त्याच्यामुळे होतो आहे, असा सुगावाही कोणाला लागता कामा नये. व्यासपीठावरून पाहुणे बोलत असताना साऱ्या वर्गाच्या माना एकाच बाकाकडे वळल्या, तर वर्षभरात झाला नसेल एवढा त्रास त्याला त्या एका तासात होईल. कार्यक्रम दोन-तीन महिने पुढे गेला तरी चालेल. चिडवणे मात्र उद्यापासूनच थांबवायला हवे आणि त्यासाठी कोणाही पाहुण्यांची गरज नाही. ‘बायल्या’ हा शब्द कानावर पडताच, तिथल्या तिथे, प्रवचन न देता, तो शब्द या शाळेत चालणार नाही असे सांगणारे दोन शिक्षक आपल्याला मिळाले, तरी निम्मे काम झाले. त्या दोघांत शारीरिक शिक्षणाचे शिक्षक असावेत असे मी आग्रहाने म्हणेन, कारण असे शब्द मैदानावर सर्वाधिक उच्चारले जातात आणि कित्येकदा त्यांची सुरुवात खुद्द शिक्षकांपासून होते.

पालकांची भीती मात्र खरी आहे. एनसीईआरटीने २०२१ मध्ये पारलिंगी मुलांना शाळेत सामावून घेण्याविषयी शिक्षकांसाठी एक पुस्तिका तयार केली होती. गणवेश, स्वच्छतागृहे, समाजातील पारलिंगी व्यक्तींना शाळेत बोलावणे अशा साध्या व्यावहारिक गोष्टी तिच्यात होत्या. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने आक्षेप घेतला आणि काही दिवसांतच ती पुस्तिका संकेतस्थळावरून उतरवली गेली. माझ्या मते ती माघार चुकीची होती; परंतु एवढी मोठी संस्था जिथे मागे सरकते, तिथे एकट्या शिक्षिकेने पालकांना अंधारात ठेवून काही करू नये, एवढा बोध आपण त्यातून घ्यावा. त्याच वर्षी जून महिन्यात मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी दिलेल्या आदेशात पालक-शिक्षक सभांतून पालकांना या विषयाची ओळख करून द्यावी, असे सुचवले होते. हा विषय आपल्यालाही पुरता समजलेला नाही हे मोकळेपणाने मान्य करून, त्यांनी निकालापूर्वी स्वतः एका मानसशास्त्रज्ञांकडे जाऊन तो समजून घेतला. आपल्या शिक्षकखोलीत सांगण्यासारखी गोष्ट आहे ही.

तेव्हा आधी पालक सभा आणि मग विद्यार्थी, असा क्रम ठेवा. पालकांपुढे तज्ज्ञापेक्षा पालकच बोलला तर ऐकले जाते. मुंबईत २०१७ पासून ‘स्वीकार’ नावाचा अशा मुलांच्या आईवडिलांचा गट काम करतो आहे. विद्यार्थ्यांपुढे बोलायला पुण्याची ‘समपथिक ट्रस्ट’ किंवा मुंबईची ‘हमसफर ट्रस्ट’ या जुन्या संस्थांकडे विचारणा करता येईल. पाहुण्यांना विषयाची मर्यादा आधीच सांगावी. लैंगिक क्रियांचे वर्णन येथे अपेक्षित नाही. चिडवल्यावर काय होते, मदत कोठे मिळते आणि वेगळेपण हा आजार नाही, एवढे पुरे. तारीख ठरवताना एक अडचण येईल. समलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींच्या द्वेषाविरुद्ध जगभर पाळला जाणारा १७ मे हा दिवस (१९९० मध्ये याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली) आपल्याकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत येतो. २० नोव्हेंबर सोयीचा आहे. त्या दिवशी जगभर हिंसेला बळी पडलेल्या पारलिंगी व्यक्तींचे स्मरण केले जाते आणि तोच जागतिक बालदिनही आहे. शाळेत बालदिनाच्या अंगाने जाणे मला अधिक योग्य वाटते.

कार्यक्रमाचा खरा परिणाम सभागृहात दिसत नाही, तो नंतरच्या आठवड्यात दिसतो. गर्दीत गप्प बसलेले एखादे मूल, कदाचित आपल्या मनातही नसलेले, मधल्या सुट्टीत येऊन ‘बाई, थोडे बोलायचे होते’ म्हणेल. त्या मुलाने आपल्या आकर्षणाविषयी किंवा लिंगओळखीविषयी काही सांगितले, तर ते त्याचे गुपित आहे. ते मुख्याध्यापकांना, शेजारच्या बाईंना किंवा घरी त्याच्या संमतीशिवाय सांगू नये. परंतु कोणी लैंगिक अत्याचार केल्याचे त्याने सांगितले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार त्याची माहिती पोलिसांना किंवा बाल पोलीस पथकाला देणे आपल्यावर बंधनकारक आहे, आणि तो कायदा मुलगा आणि मुलगी असा भेद करत नाही. हा फरक मुलाला बोलण्याच्या आरंभीच सांगावा, नंतर सांगितला तर तो विश्वासघात ठरतो. महाराष्ट्रातील शाळांत २०२२ पासून विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी ‘सखी सावित्री’ समित्या नेमायच्या आहेत. आपल्या शाळेतील समिती केवळ कागदावर नसेल, तर तिच्या पुढच्या बैठकीत हाच विषय ठेवा. युनेस्कोने ‘सहोदरन’ या संस्थेसह तमिळनाडूत केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, छळ सोसलेल्यांपैकी सुमारे १८ टक्के जणांनीच शाळेकडे तक्रार केल्याचे आढळले. तक्रारपेटी रिकामी राहिली, याचा अर्थ सारे आलबेल आहे असा होत नाही.

प्रश्न : आम्ही मूळचे पुण्याचे, बारा वर्षे कॅलिफोर्नियात आहोत. नववीतील मुलगा शाळेच्या ‘जीएसए’ (गे-स्ट्रेट अलायन्स) क्लबमध्ये जाऊ लागला आहे आणि एप्रिलमध्ये त्यांच्या मौन दिवसात भाग घेणार म्हणतो. तो तसा आहे का? शाळेने आम्हाला का कळवले नाही? त्याच सुमारास माझ्या सासूबाई येथे येत आहेत, त्यांना काय सांगावे?

उत्तर : क्लबच्या सभासदत्वावरून मुलाविषयी निष्कर्ष काढू नका. अशा क्लबांपैकी सुरुवातीचा एक मॅसॅच्युसेट्समधील कॉन्कर्ड अकादमीत १९८८ मध्ये निघाला. इतिहासाचे शिक्षक केविन जेनिंग्ज यांच्याकडे ती कल्पना घेऊन आलेली विद्यार्थिनी स्वतः समलिंगी नव्हती, तिची आई समलिंगी होती. समलिंगी आणि इतर मुलांची मैत्री, असाच त्या नावाचा मूळ अर्थ होता. आपला मुलगा कदाचित मित्रासोबत जात असेल, कदाचित स्वतःसाठी.

या क्लबांना कायद्याचा आधार कसा मिळाला, हे मजेशीर आहे. एक ऐच्छिक क्लब चालू दिला तर दुसऱ्याला त्याच्या विचारांवरून नाकारता येणार नाही, हा १९८४ चा संघराज्यीय कायदा मुख्यतः शाळेत बायबल वाचणाऱ्या मुलांच्या गटांसाठी झाला होता. पुढे सॉल्ट लेक सिटीत असा क्लब निघाला, तेव्हा त्याला एकट्याला नाकारता येत नाही म्हणून तेथील शिक्षण मंडळाने १९९६ मध्ये अभ्यासक्रमाबाहेरचे सगळेच क्लब बंद करून टाकले आणि २००० मध्ये ते पुन्हा सुरू करावे लागले. मौन दिवसही १९९६ चाच, व्हर्जिनिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी सुरू केलेला. ज्या मुलांना आपल्याविषयी बोलता येत नाही, त्यांचे मौन इतरांना जाणवावे म्हणून दिवसभर न बोलण्याचा. २०२४ पासून ‘ग्लसेन’ या आयोजक संस्थेने त्याचे नाव बदलून मौनापेक्षा बोलण्यावर भर दिला आहे.

शाळेने का कळवले नाही, या प्रश्नामागचे दुखणे मला समजते. पण शाळेला विचारण्याआधी मुलाला विचारा, आणि ‘तू तसा आहेस का’ असे विचारू नका. ‘क्लबात काय करता’ एवढे विचारा आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नका. सासूबाईंना काय सांगायचे, हे मुलाला ठरवू द्या. आजीला सांगण्यासारखे काही असेलच, तर ते सांगण्याचा पहिला मान त्याचा आहे, आपला नाही.

प्रश्न : माझ्या दहावीतल्या मुलाच्या वहीत मित्राविषयीच्या कविता सापडल्या. वर्गशिक्षकांनी मला बोलावून घेतले आणि ‘अजून लहान आहे, वेळेत डॉक्टरांकडे नेले तर सुधारेल’ असे सांगितले. त्यांनी एका डॉक्टरांचे नावही दिले आहे. न्यावे का?

उत्तर : नेऊ नये. भारतीय मानसोपचार संघटनेने २०१८ मध्येच समलैंगिकता हा आजार नसल्याचे जाहीर केले आहे, आणि लैंगिक कल बदलण्याचे तथाकथित उपचार करणे हा डॉक्टरचा व्यावसायिक गैरवर्तणुकीचा प्रकार असल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कळवले आहे. वही वर्गात उघडून वाचली गेली का, आणि कोणकोणत्या मुलांनी ती पाहिली, हे मात्र शिक्षकांना जरूर विचारा. काळजी त्याची करायला हवी. मुलगा खचलेला, झोप उडालेला किंवा जेवणातून मन गेलेला दिसला, तर त्या खचण्यासाठी समुपदेशकाची मदत अवश्य घ्या. १४४१६ या टेली-मानस या शासकीय मानसिक आरोग्य सेवेच्या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

प्रश्न : मी अकरावीत आहे. आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात एक मुलगा आहे, त्याला सगळे छळतात. मला वाईट वाटते, पण मी मध्ये पडलो तर मलाही तेच म्हणतील. काही करता येईल का?

उत्तर : तुझी भीती खोटी नाही, तुलाही काही दिवस तेच म्हणतील. म्हणून एकटा मध्ये पडू नकोस. कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात २००७ मध्ये शाळेच्या पहिल्या दिवशी गुलाबी शर्ट घालून आलेल्या नववीतील एका मुलाला इतरांनी छळले. बारावीतील डेव्हिड शेपर्ड आणि ट्रॅव्हिस प्राइस या दोघांनी स्वस्तातले पन्नास गुलाबी शर्ट विकत आणले, रात्री मित्रांना निरोप धाडले आणि दुसऱ्या दिवशी दारात उभे राहून ते वाटले. इतर कित्येक जण घरूनच गुलाबी कपडे घालून आले होते. दिल्लीतील टागोर इंटरनॅशनल स्कूलच्या विद्यार्थ्यांनीही ‘ब्रेकिंग बॅरियर्स’ नावाची मोहीम चालवली आणि इतर शाळांत जाऊन याच विषयावर कार्यशाळा घेतल्या.

तुला शर्ट वाटायची गरज नाही. कॅनडातली ती दोन मुले वयाने मोठी होती आणि वर्गात त्यांचे वजन होते, म्हणून त्यांचे ऐकले गेले. तुमच्याकडे असे वजन कोणाचे आहे, कबड्डीच्या संघातला कोणी, वर्गप्रतिनिधी, बारावीतला कोणी, ते तुला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल. त्याला गाठून बोल. प्रकरण हातघाईवर आले, तर १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक आहे आणि तेथे मित्रासाठीही फोन करता येतो. तोपर्यंत उद्या मधल्या सुट्टीत तुझा डबा त्याच्या बाकावर जाऊन उघड, आणि चिडवण्याविषयी त्याच्यापाशी एक शब्दही काढू नकोस. त्याला बोलायचे असेल तेव्हा तो बोलेल.