कोल्हापूरहून मुंबईला जाऊन सिनेतारे जातात अशा रेस्टॉरंटमध्ये जेवायचं असेल तर काय तयारी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लग्नाला २५ वर्षं होतायत, मुंबईत नट-नट्या जेवायला जातात अशा एखाद्या बड्या रेस्टॉरंटमध्ये बायकोला न्यायचं आहे, ती माळकरी, तुम्ही मटण-मासे खाणारे, आणि मुक्काम न करता जाऊन यायचं आहे. बुकिंग, खर्च, कपडे यांतलं काहीच माहीत नाही.

जमेल. फक्त रात्रीच्या जेवणाचा हट्ट सोडा आणि दुपारचं टेबल धरा. महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री कोल्हापुरातून निघते आणि सकाळी सीएसएमटीला उतरवते. परतीची गाडी त्याच दिवशी रात्री सव्वाआठ-साडेआठच्या सुमारास तिथूनच सुटते. म्हणजे तुमच्या हातात पूर्ण दुपार आहे. दुपारी टेबल लवकर मिळतं, वेटरला तुमच्याशी बोलायला सवड असते आणि दोन तास कुणी उठवत नाही. रात्री बऱ्याच ठिकाणी दोन पाळ्या असतात. पहिल्या पाळीवाल्यांना नऊच्या आसपास टेबल रिकामं करून द्यावं लागतं आणि दुसऱ्या पाळीचं जेवण मध्यरात्रीपर्यंत लांबतं.

क्रम असा ठेवा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी खुलतं आणि रेस्टॉरंटचं साधारण दोन ते चार आठवडे आधी. म्हणून आधी जायचं-यायचं तिकीट कन्फर्म करा, मग टेबल. रात्रभर गाडीत झोपून चुरगळलेल्या कपड्यांनी जाऊ नका. पीएनआर कन्फर्म असेल तर आयआरसीटीसीवर सीएसएमटीची रिटायरिंग रूम काही तासांपुरती मिळते. आंघोळ, कपडे तिथंच उरका. सामान क्लोक रूममध्ये ठेवायचं तर बॅगेला कुलूप हवं, नाहीतर घेत नाहीत. हे कुलूप घरूनच न्या.

आता ठिकाण. स्टेशनपासून टॅक्सीनं पंधरा-वीस मिनिटांच्या आत, म्हणजे फोर्ट आणि कुलाब्यात, तीन वेगळ्या धाटणीची नावं सांगतो.

ताजमहाल पॅलेसमधलं ‘वसाबी बाय मोरिमोतो’ २००४ पासून आहे. जपानी जेवण, बाहेर गेटवे, आणि सेवा ताजची. पण माळकरी माणसाला इथं फार जपून खावं लागेल, आणि दोघांचं बिल सहज दहा हजारांच्या पुढं जातं. काळा घोड्याजवळचं ‘तृष्णा’ दिसायला साधं, पण सिनेमावाले आणि परदेशी पाहुणे तिथं वर्षानुवर्षं जातात ते बटर-पेपर-गार्लिक खेकड्यासाठी. तुम्ही खूश व्हाल, बाईंच्या वाट्याला मात्र कुठंही मिळेल अशी डाळ-भाजी येईल. तिसरं ताजच्या मागच्या बाजूचं ‘द टेबल’, २०११ पासूनचं. यांची अलिबागकडे स्वतःची शेती आहे, भाज्यांना इथं मान आहे, आणि मासे-मटण खाणाराही उपाशी राहत नाही. तुमच्या जोडीसाठी माझं मत यालाच.

महालक्ष्मीच्या गिरणी परिसरातलं ‘मास्क’ या रेस्टॉरंटचं नाव तुम्ही नक्की वाचलं असेल. जेवण अप्रतिम, पण तिथं फक्त टेस्टिंग मेन्यू. एकामागून एक छोटे पदार्थ ठरलेल्या क्रमानं येतात, अडीच-तीन तास बसावं लागतं. गाडी पकडायच्या दिवशी हे धरू नका.

सगळ्यात जास्त चूक होते ती शाकाहाराच्या बाबतीत. आपल्याकडं ‘व्हेज’ म्हटलं की विषय संपतो. मोठ्या शहरातल्या परदेशी धाटणीच्या स्वयंपाकघरात मांसाचा तुकडा नसला तरी ताटात मांसाहार असू शकतो, तोही वाढणाऱ्याच्या लक्षात न येता. जपानी मिसो सूप आणि बहुतेक सॉस ज्या ‘दाशी’ नावाच्या पाण्यावर होतात, त्यात बोनिटो माशाची सुकी पापडी उकळलेली असते. थाई करीच्या वाटणात कोळंबीची पेस्ट आणि वर फिश सॉस असतो. चिनी पद्धतीच्या परतलेल्या भाजीत ऑयस्टर सॉस असतो, म्हणजे कालवांचा. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये आणि वूस्टरशायर सॉसमध्ये अँचोव्ही नावाचा खारवलेला मासा असतो. पन्ना कोटा आणि बरेचसे मूस हे गोड पदार्थ जिलेटिनवर घट्ट होतात, ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनतं. तिरामिसू या गोड पदार्थात अंडंही असतं आणि बहुधा दारूही. ताजा पास्ता अंड्यात मळतात, सुका बहुधा नुसत्या रव्याचा असतो. अस्सल इटालियन पार्मेजान चीज तर वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटनं दूध नासवून करतात. ‘द टेबल’ची झुकिनी स्पॅगेटी, म्हणजे काकडीसारख्या भाजीच्या शेवया आणि वर बदाम, बाईंना नक्की आवडेल. फक्त त्यावर पार्मेजान पडतं, म्हणून चीज न घालता मागवा.

आपल्या देशात शाकाहारी गिऱ्हाईक इतकं आहे की बहुतेक चांगल्या शेफकडं या सगळ्याला पर्याय असतो: दाशीऐवजी मशरूम किंवा समुद्री शेवाळाचं पाणी, जिलेटिनऐवजी अगर-अगर. पण तो आधी सांगितल्यावर मिळतो. ऐनवेळी टेबलावर सांगितलं तर अर्धा मेन्यू बाद होतो, कारण सॉस सकाळीच करून ठेवलेले असतात. फोनवर नुसतं ‘व्हेज’ म्हणू नका. वाक्य असं ठेवा: ‘एक जण कडक शाकाहारी आहे. अंडं, मासा, फिश सॉस, ऑयस्टर सॉस, जिलेटिन आणि रेनेटचं चीज चालत नाही, दारू घातलेली मिठाईही नको.’ ते लिहून घेतात. टेबलावर बसल्यावर हेच पुन्हा एकदा ऑर्डर घेणाऱ्याला सांगा, कारण फोन उचलणारा वेगळा आणि वाढणारा वेगळा असतो. एकाच तव्यावर मांस आणि भाजी चालत नसेल तर तेही स्पष्ट विचारा. यात कसला संकोच नाही, त्यांना हे रोजचं आहे.

बुकिंग रेस्टॉरंटच्या वेबसाइटवर होतं किंवा डिस्ट्रिक्ट, ईझीडायनर यांसारख्या ॲपवर. तरी मी म्हणेन की फोन करा, दुपारी तीन ते सहाच्या दरम्यान, गर्दी ओसरलेली असते तेव्हा. चार गोष्टी विचारून घ्या. त्या दिवशी दुपारी चालू आहे ना? टेबल किती वेळ राखून ठेवतात? (बहुतेक ठिकाणी १५ मिनिटं, मग दुसऱ्याला देतात.) कव्हर चार्ज (बसण्याचे माणशी पैसे) किंवा आगाऊ रक्कम आहे का, आणि ती बिलातून वळती होते का? केक आणलेला चालतो का, आणि कापायचे पैसे लावतात का? लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आहे हे आवर्जून सांगा. खिडकीजवळचं टेबल मागायला याहून चांगलं निमित्त नाही, आणि बऱ्याच ठिकाणी गोडाची एक प्लेट नाव लिहून पाठवतात. वेळ साडेबाराची घ्या. एक वाजता स्वयंपाकघरावर ताण येतो आणि पदार्थांमधलं अंतर वाढतं. आदल्या दिवशी बुकिंग पक्कं आहे का असा त्यांचा फोन किंवा मेसेज येतो, त्याला उत्तर दिलं नाही तर टेबल जाऊ शकतं. अनोळखी नंबर म्हणून कापू नका.

खर्चाचं गणित मेन्यूवरच्या आकड्याशी संपत नाही. समजा दोघांनी ६००० रुपयांचं खाल्लं. स्वतंत्र रेस्टॉरंट असेल तर जीएसटी ५ टक्के, म्हणजे ६३००. तेच रेस्टॉरंट दिवसाला ७५०० रुपयांहून जास्त खोलीभाडं असलेल्या हॉटेलात असेल तर जीएसटी १८ टक्के, म्हणजे ७०८०. ताजमध्ये हाच दुसरा दर लागतो. वर १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला तर कर त्या चार्जवरही बसतो: ६६०० वर १८ टक्के, एकूण ७७८८. सहा हजारांचं जेवण पावणेआठ हजारांना पडतं ते असं. सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात टाकता येत नाही असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे जुलै २०२२ चे निर्देश आहेत, आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले. नको असेल तर शांतपणे ‘काढून द्या’ म्हणा. नाही म्हणाले तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. वाढणाऱ्यानं मनापासून वाढलं असेल तर त्याच्या हातात रोख टीप द्यावी, हे मला जास्त योग्य वाटतं.

पाण्यावरही पैसे जातात. बसल्याबसल्या ‘स्टिल की स्पार्कलिंग?’ (साधं पाणी की बुडबुड्यांचं) विचारतील, दोन्ही बाटल्याच. एमआरपीपेक्षा जास्त दर लावायला सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये हॉटेलांना मोकळीक दिली आहे. ‘साधं फिल्टरचं पाणी द्या’ म्हटलं की काम होतं. आणि मेन्यूवर खेकडा, लॉबस्टर किंवा ताज्या माशापुढं आकडा नसेल किंवा ‘मार्केट प्राइस’ लिहिलं असेल तर वजन आणि दर विचारल्याशिवाय हो म्हणू नका. बिल पाहून धक्का बसतो तो बहुधा याच एका ओळीमुळं.

ऑर्डर देताना ताटाची कल्पना डोक्यातून काढा. आपल्याकडं तांबडा-पांढरा पुन्हा पुन्हा वाढतात. इथं जे येतं ते एकदाच, आणि चार घास. दोघांत आधी तीन छोट्या प्लेट, मग प्रत्येकी एक मुख्य पदार्थ आणि एक गोड पुरतं. सगळं एकदम मागवू नका, नाहीतर सगळं एकदम येतं आणि गार होतं. मीठ-मसाला कमी वाटेल, ते त्या जेवणाचं वळण आहे, त्यात तिखट मागून बिघडवू नका. जपानी खाल्लंत तर वसाबी नावाची हिरवी चटणी मात्र कणभरच. संकेश्वरी मिरचीचा झणका जिभेवर बसतो, वसाबीचा ताज्या फेसलेल्या मोहरीसारखा नाकातून डोक्यात जातो.

कपड्यांचा नियम साधारण ‘स्मार्ट कॅज्युअल’. बाईंनी कुठलीही साडी नेसावी, काठपदर असेल तर फारच छान. तुम्ही पूर्ण पँट आणि इस्त्रीचा शर्ट. अडचण येते ती पायांशी. पुरुषांना उघडी पादत्राणं चालत नाहीत असा नियम अनेक ठिकाणी आहे, आणि कोल्हापुरी चप्पल त्यात धरली जाते. जिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, जिच्यासारखी चप्पल २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानच्या मंचावर आणली, ती दारात अडावी याचं वाईट वाटतं, पण तिथं वाद घालण्यात दिवस घालवू नका. २०२३ च्या अखेरीस जुहूत एका माणसाला वेष्टी (तमिळ धोतर) नेसला म्हणून आत घेतलं नाही अशी तक्रार गाजली होती. म्हणून धोतर-फेटा किंवा कोल्हापुरी घालायची असेल तर फोनवर विचारा आणि होकार मेसेजवर लेखी मागून घ्या. नाहीतर बूट.

राहिले तारे. ते राहतात वांद्रे, खार, जुहू भागात आणि जेवायला निघतात रात्री साडेनऊ-दहानंतर. कुलाब्यात दुपारी एखादा चेहरा दिसण्याची शक्यता कमीच. शिवाय मालकी एखाद्या ताऱ्याची असली म्हणून तो तिथं बसलेला नसतो, आणि आला तरी खासगी खोलीत वेगळ्या दारानं जातो. ‘आज कुणी येणारे का?’ याचं उत्तर कर्मचारी देत नाहीत, विचारून त्यांना अडचणीत आणू नका. शेजारच्या टेबलावर कुणी दिसलंच तर मोबाइल खाली ठेवा. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये ज्या गावात सुरू झाली, त्या गावच्या माणसाला कलाकाराचा मान कसा राखायचा हे शिकवायला नको.

तारे दिसणं हाच मुख्य हेतू असेल तर बेत बदलावा लागेल. वांद्र्यात एक रात्र मुक्काम, आणि मंगळवार किंवा बुधवारचं नऊनंतरचं टेबल. खारच्या युनियन पार्कमधलं ‘ऑलिव्ह’ २००० पासून सिनेमावाल्यांचं आवडतं आहे. पाली हिलवरचं ‘तोरी’ गौरी खान यांनी २०२४ मध्ये सुरू केलं. जुहूचं ‘सोहो हाउस’ हा सभासदांचा क्लब आहे आणि आत फोटोला बंदी आहे. वांद्रे ते जुहू रिक्षा मिटरनं मिळते, पण ती माहीमच्या पुढं शहरात येत नाही, त्यामुळं तिथून सीएसएमटीला निघताना टॅक्सी धरा आणि रात्रीच्या गाडीसाठी किमान दीड-दोन तास हातात ठेवा.