कळव्याचा गोली आणि एनआयओएसचा फॉर्म

प्रश्न : माझा मुलगा यंदा नववीत गेला. शाळेच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर आहे, शिवाय ठाण्यातल्या एका अकादमीत आठवड्यातून चार दिवस जातो. आता म्हणतो, प्रोफेशनल गोलकीपरच होणार. अकादमीचे सर म्हणतात, रेग्युलर शाळा सोडा, दहावी एनआयओएसमधून, म्हणजे मुक्त शाळेच्या बोर्डातून करा, म्हणजे दोन्ही वेळ प्रॅक्टिस होईल. टर्फवर ओळख झालेल्या एका गृहस्थांनी स्पेनमध्ये ट्रायल आणि क्लबचा करार करून देतो म्हणून चार लाख सांगितलेत. ह्यांचं म्हणणं, गोलीला कसलं भविष्य, नव्वद मिनिटं नुसतं उभं राहायचं. मुलाची उंची ५ फूट २ इंच आहे. ह्यांची ५ फूट ८, माझी ५ फूट ३. मागे एकदा ४-१ ने हरले तर दोन दिवस धड जेवला नाही. काय करावं? ता. क. : चार हजारांचे ग्लोव्हज मागतोय. द्यावेत का?
— एक आई, कळवा

ताई, नमस्कार.

आधी चार लाखांचं बोलू. बाकीच्या गोष्टींना वेळ आहे, पैसे मात्र गेले की गेले. त्या गृहस्थांना सरळ नाही म्हणून टाका. फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमाप्रमाणे १८ वर्षांखालच्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात बदली होत नाही. अपवाद मोजके आहेत. आईवडील फुटबॉल सोडून दुसऱ्या कारणासाठी तिकडे राहायला गेले असतील, किंवा सोळा पूर्ण झालेला खेळाडू युरोपातल्या युरोपात क्लब बदलत असेल, किंवा घर आणि क्लब दोन्ही सीमेला लागून असतील, असे ते अपवाद. कळवा यातल्या कशात बसतं ते त्यांनाच विचारा. चौदा वर्षांच्या मुलाला स्पेनचा करार मिळवून देणारा माणूस फार तर दोन आठवड्यांचं शिबिर, एक टी-शर्ट आणि सर्टिफिकेट देईल. पुढेमागे कोणी एजंट म्हणून आलाच, तर फिफाचा परवाना विचारा. परवानाधारक एजंटांची यादी फिफाच्या वेबसाइटवर कोणालाही बघता येते.

तुमच्या जवळचंच एक उदाहरण देतो. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने थोड्याच स्टेशनांवर घणसोली. तिथे रिलायन्स फाउंडेशनची निवासी अकादमी २०१५ पासून चालू आहे. निवड झालेल्या मुलांचं शिक्षण, राहणं, प्रशिक्षण शिष्यवृत्तीतून होतं. तिथे निवड होणं सोपं नाही, पण सांगायचा मुद्दा असा की ज्यांना तुमचा मुलगा खरोखर हवा असेल ते तुमच्याकडे लाखांत पैसे मागणार नाहीत. ठाण्यातल्या अकादमीची महिन्याची फी ही शिकवणीची फी आहे, ती देण्यात काही गैर नाही.

आता तुमच्या मिस्टरांचा प्रश्न. वैतागून विचारलेला असला तरी रास्त आहे, म्हणून हिशेबानेच उत्तर देतो. २०२४-२५ च्या हंगामात इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) १३ क्लब होते आणि त्याखालच्या आय-लीगमध्ये १२. प्रत्येक टीममध्ये डिफेंडर साधारण चार खेळतात, गोली एकच. म्हणजे देशातल्या वरच्या दोन लीग मिळून कुठल्याही आठवड्यात मैदानात उतरणारे गोलकीपर फार तर २५. क्लबकडे तीन-चार कीपर असतात, पण बाकीचे बाकावर. या धंद्यात जागा किती कमी आहेत ते एवढ्यावरून कळेल. शिवाय पगाराची शाश्वतीही बेताचीच. जुलै २०२५ मध्ये लीगच्या व्यावसायिक कराराचा घोळ झाला आणि आयएसएलचा नवा हंगामच लांबणीवर पडला. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. नावाजलेले खेळाडू त्यात होते.

दुसरी बाजूही आहे. आयएसएलमध्ये एका वेळी चारच परदेशी खेळाडू मैदानात चालतात. क्लब त्या जागा स्ट्रायकर, मिडफिल्डर आणि डिफेंडरवर खर्च करतात, त्यामुळे गोलमध्ये जवळजवळ सगळीकडे भारतीय पोरं दिसतात. २०१४ च्या पहिल्या हंगामात केरळच्या गोलमध्ये इंग्लंडचा डेव्हिड जेम्स उभा होता. आता तसं क्वचितच होतं. मुंबई सिटीने २०२०-२१ ला ट्रॉफी उचलली तेव्हा तर कॅप्टनच गोलकीपर होता, अमरिंदर सिंग. ज्या जागेसाठी परदेशी खेळाडूशी टक्कर द्यावी लागत नाही अशी भारतीय फुटबॉलमधली हीच जागा.

आणि गोली उशिरा तयार होतो. गुरप्रीत सिंग संधू २०१४ मध्ये नॉर्वेच्या स्टाबेक क्लबला गेला, तिथल्या लीगमध्ये त्याला पहिली मॅच मिळाली २०१६ मध्ये. मधला काळ प्रॅक्टिस आणि बाक. अर्जेंटिनाचा एमिलियानो मार्टिनेझ २०१० मध्ये आर्सेनलला आला आणि दहा वर्षं या क्लबला उसना, त्या क्लबला उसना असा फिरत राहिला. २०२२ च्या वर्ल्ड कपचा सर्वोत्तम गोलकीपर तोच. स्ट्रायकर अठराव्या वर्षी चमकला नाही तर लोक मान फिरवतात, गोलीला मात्र तेविसाव्या-चोविसाव्या वर्षीही ‘अजून तरुण आहे’ म्हणतात.

म्हणूनच शाळा सोडण्याला माझा विरोध आहे. जी संधी विशीनंतर यायची तिच्यासाठी चौदाव्या वर्षी शाळा सोडायची घाई कशाला? एनआयओएस वाईट नाही. मान्यताप्राप्त बोर्ड आहे, रोज सहा तास पाण्यात असणाऱ्या जलतरणपटूला मी स्वतः ते सुचवीन. पण तुमच्या मुलाच्या बाबतीत शाळा सुटली की शाळेची टीमही सुटते. सुब्रतो कप शाळांमधूनच खेळला जातो, तालुका-जिल्ह्यापासून वर राष्ट्रीय पातळीपर्यंत. मुलगा आता १५ वर्षांखालच्या आणि पुढे १७ वर्षांखालच्या गटात खेळू शकतो. निवड समितीचे लोक बघायला येतात ते अशाच मॅचना. राज्य बोर्डाच्या दहावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळतात तेही या स्पर्धांच्या जोरावर. सकाळी दोन तास जास्तीचे मिळावेत म्हणून एवढं सगळं सोडायचं, हा सौदा मला पटत नाही. त्यापेक्षा मुख्याध्यापकांना भेटा. स्पर्धेच्या दिवसांत हजेरीची सवलत आणि चाचणी परीक्षा नंतर देण्याची परवानगी मागा. लेखी अर्ज द्या, तोंडी बोलणं पुढच्या वर्षी कोणाला आठवत नाही.

उंचीचं मात्र गोड बोलून भागणार नाही. गोलपोस्ट २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच. बालरोगतज्ज्ञ एक ढोबळ हिशेब करतात : मुलगा असेल तर आईवडिलांच्या उंचीची सेंटिमीटरमध्ये बेरीज करायची, त्यात १३ मिळवायचे आणि दोनने भागायचं. तुमची १६०, मिस्टरांची १७३. उत्तर येतं १७३, म्हणजे ५ फूट ८ इंच. त्यात साधारण आठ सेंटिमीटर इकडे-तिकडे. सगळं मनासारखं झालं तर तो ५ फूट ११ पर्यंत जाईल. व्यावसायिक क्लब गोलमध्ये सहसा सहा फुटी मुलगा शोधतात. गुरप्रीत तर साडेसहा फुटांच्या घरात आहे. तुम्हाला कोणीतरी मेक्सिकोच्या होर्खे काम्पोसचं नाव सांगेल. साडेपाच फुटांच्या आसपासचा तो माणूस १९९४ आणि १९९८ चे वर्ल्ड कप खेळला, खरंच खेळला. पण एका काम्पोसकडे बघून कोणी घर चालवू नये.

बालरोगतज्ज्ञांकडून डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघून घ्या, म्हणजे वाढ किती शिल्लक आहे त्याचा अंदाज येईल. उंची वाढवणाऱ्या पावडरींवर एक रुपया घालवू नका. जाता जाता : वयोगटाच्या स्पर्धांमध्ये वयचोरी पकडायला याच मनगटाच्या एक्स-रेचा उपयोग करतात. ‘जन्मदाखल्यात एक वर्ष कमी करून आणा’ असं सुचवणारा कोणी भेटला, तर त्या माणसाची संगत त्याच दिवशी सोडा.

उंचीचा निकाल लागेपर्यंत मुलाने काय करावं? प्रॅक्टिसमध्ये निम्मा वेळ बाहेर खेळावं, मिडफिल्डला. हे गोलीच्या भल्यासाठीच आहे. १९९२ पासून स्वतःच्या खेळाडूने पायाने दिलेला बॅकपास गोलीला हातात घेता येत नाही, त्यामुळे आजच्या गोलीला पाय लागतातच. इटलीचा बुफॉन लहानपणी मिडफिल्डर होता. पुढे पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत गोलमध्ये उभा राहिला. उद्या उंची कमी पडली तरी मुलगा फुटबॉलमधून बाद होणार नाही, जागा बदलेल.

त्याच्या सरांना दोन गोष्टी विचारा. आठवड्यातून किती दिवस गोलकीपरची वेगळी प्रॅक्टिस होते आणि ती कोण घेतं? गोलीला उभं करायचं आणि बाकी पंधरा पोरांनी शॉट मारत सुटायचं, याला गोलकीपरचं कोचिंग म्हणत नाहीत. दुसरं, पूर्ण मैदानावर अकरा-अकराच्या मॅच किती मिळतात? घोडबंदर रोडला पावलोपावली टर्फ झाले आहेत, पण वर जाळी आणि समोर बुटका गोल. बाजूने उंच येणारा क्रॉस तिथे येतच नाही, आणि गोलीची परीक्षा त्या क्रॉसवरच होते : बाहेर यायचं की लाइनवर थांबायचं, धरायचा की पंच करायचा. ते शिकायला मोठं मैदान आणि दोन बाजूंनी बॉल टाकणारी माणसं लागतात.

आता ४-१ च्या मॅचबद्दल. पुढच्या वेळी तुम्ही बाकीच्या पालकांबरोबर बसू नका. त्याच्या गोलच्या मागे, जाळीपासून थोड्या अंतरावर उभ्या राहा. बॉलकडे बघू नका, पोराकडे बघा. समोरच्याने शॉटसाठी पाय मागे नेला त्या क्षणी याचे दोन्ही पाय जमिनीवर स्थिर आहेत का? तेव्हा तो उड्या मारत असेल किंवा चालत असेल तर डाइव्ह उशिरा पडणार. बॉल पलीकडच्या अर्ध्यात असताना हा पोस्टला टेकून उभा राहतो की बॉक्सच्या टोकापर्यंत पुढे येतो? डिफेंडरांना नावाने हाका मारतो का, ‘मागे मॅन आहे’ म्हणून ओरडतो का? मिस्टरांनाही सोबत न्या. नव्वद मिनिटं नुसतं उभं राहणं म्हणजे काय ते त्यांनाही दिसेल. आणि गोल खाल्ल्यावर पुढच्या बॉलला तो कसा येतो ते तर बघाच. गोल कोणीही खातो. पण त्यानंतर पाच मिनिटं जो बाहेर यायला घाबरतो त्याला आणखी एक गोल बसतो.

त्या चार गोलांपैकी त्याचे स्वतःचे किती होते, हे त्याच्याकडून वहीत लिहून घ्या. त्याच संध्याकाळी नको, दुसऱ्या दिवशी. ५ फूट २ इंचाच्या मुलाची बोटं हात वर करून पावणेसात फुटांच्या आसपास पोचतात आणि बार आठ फुटांवर आहे. डोक्यावरून गेलेला लॉब त्याच्या खात्यात मांडू नका. परतताना रिक्षात मॅचचा विषय काढायचा तर त्याने काढावा. एखाद्या पराभवाने दोन दिवस तोंड उतरलं तर काही बिघडत नाही. प्रत्येक पराभवानंतर झोप आणि जेवण जायला लागलं, तर मात्र शाळेच्या समुपदेशकांशी बोला.

दहावीनंतरचं थोडक्यात. अकरावी-बारावीपर्यंत राज्याच्या संघात किंवा एखाद्या क्लबच्या युवा संघात नाव लागलं, तर बारावीनंतर दोन-तीन वर्षं पूर्ण वेळ फुटबॉलला द्यायला माझी हरकत नसेल, बाहेरून पदवी चालू ठेवून. नाहीच लागलं, तर कॉलेज आणि खेळ दोन्ही. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण ते स्पर्धेची पातळी आणि कामगिरी बघून. म्हणून प्रत्येक प्रमाणपत्र जपून ठेवा. कंपन्यांच्या टीमवर भिस्त ठेवू नका, ते दिवस सरत आलेत. महिंद्रा युनायटेडसारखी राष्ट्रीय लीग जिंकलेली टीम २०१० मध्ये बंद झाली. गोलकीपर कोच हा रस्ता मला जास्त खात्रीचा वाटतो. त्यासाठी आशियाई फुटबॉल महासंघाचे वेगळे गोलकीपिंग कोर्स आहेत, आणि खेळण्याची कारकीर्द लहान राहिली तरी ते करता येतात. फिजिओथेरपीत रस वाटला तर अकरावीला बायोलॉजी सोडू देऊ नका, कारण तिथला प्रवेश ‘नीट’ या प्रवेश परीक्षेवर होतो.

राहिले ग्लोव्हज. चार हजारांचे आत्ता नकोत. तळव्याचं लेटेक्स जितकं मऊ आणि महाग, तितकं लवकर झिजतं, आणि टर्फवर तर काही महिन्यांत त्याचे तुकडे पडतात. हजार-बाराशेच्या दोन जोड्या घ्या, एक प्रॅक्टिसला, एक मॅचला. मॅचच्या आधी तळवे किंचित ओले करायचे, पकड चांगली येते. मॅच झाली की कोमट पाण्यात धुवायचे आणि सावलीत वाळवायचे. धुवायचं काम त्याचं, तुमचं नाही.