‘पत्रं देऊ, की जाळून टाकू?’

प्रश्न: १९७१च्या लढाईत असताना एका फौजीनं मला पत्रं लिहिली होती. लग्न जमलं नाही. दोघांचे संसार वेगळे झाले. गेल्या दिवाळीत तो वारला. आता त्याची मुलगी फोन करून पत्रं मागते. माझ्या मालकांना यातलं काहीच ठाऊक नाही. देऊ, की जाळून टाकू? – एक आजी, शिंदखेडा तालुका

आक्का, जाळू नका. एवढं आधी सांगते, बाकीचं सावकाश.

पत्रं मैत्रिणीच्या नावानं यायची आणि कापूस वेचायला जाताना ती ओच्यात लपवून तुम्हाला आणून द्यायची, हे तुमच्या पूर्ण पत्रात वाचून मी त्या बाईला मनातल्या मनात हात जोडले.

तो नेमका कुठे होता, असं तुम्ही विचारलंय. पत्रात गावाचं नाव नाही, ते नसणारच. लढाईतलं टपाल तपासून पुढे जायचं, ठावठिकाणा लिहायची बंदी. पण तुम्ही पाठवलेल्या फोटोत पत्ता ‘९९ एपीओ’ आहे. एपीओ म्हणजे लष्कराचं टपालघर. पश्चिमेकडच्या जवानांचं टपाल ५६ एपीओवरून जायचं, पूर्वेकडचं ९९वरून. म्हणजे तो बांगलादेशच्या बाजूला होता. आणि ‘सारंगखेडानी यात्रा भरनी व्हई’ असं त्यानं लिहिलंय, ती दत्तजयंतीची, घोडेबाजाराची यात्रा. त्या साली लढाईला तोंड फुटलं ३ डिसेंबरला, दत्तजयंतीला अगदी लागून. तोफा सुरू व्हायच्या सुमारास हा गडी घोडेबाजाराची चौकशी करतोय! विहिरीला पाणी किती, म्हैस व्याली का, सगळं विचारलंय, प्रेमाचा शब्द मात्र एक नाही. साहेब वाचतील याची लाज असणार.

आता मुलीचं. कायद्यानं कागद तुमचा, मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यामागे वारसांचा. म्हणजे ती तुमच्याकडून कागद मागून नेऊ शकत नाही, आणि तिच्या परवानगीशिवाय तुम्ही ती कुठे छापू शकत नाही. पण हा काही कोर्टाचा मामला नाही. बाप लढाईबद्दल घरात कधी अवाक्षर बोलला नाही, म्हणून ती विचारतेय. थंडी, जेवण, सोबतचे जवान ज्या पानांवर आहेत, त्यांची झेरॉक्स द्या. फक्त तुमच्यासाठी असलेली पानं पेटीत ठेवा, त्याचं कारणही सांगू नका. झेरॉक्सला नातवाला पाठवू नका, दुकानात सगळा गाव वाचेल. स्वतः उभ्या राहा. जुनी आंतरदेशीय पत्रं घडीवर फाटतात, त्यांना चिकटपट्टी लावू नका.

मालकांना सांगायचं का? ही गोष्ट तुमच्यापुरतीच असती, तर मी म्हटलं असतं, गप्प राहा. पन्नास वर्षांच्या संसारानंतर लग्नाआधीचा हिशेब कुणी मागू नये. पण आता दुसऱ्या घराला माहीत झालंय. आज तिच्या फोनवर, उद्या गावाच्या पारावर. तेव्हा काही द्यायच्या आधी त्यांना तुमच्याच तोंडून कळू द्या. मुलं-सुना नसताना, दोन वाक्यांत: लग्नाआधी ओळख होती, लढाईतून पत्रं यायची, त्याची मुलगी आता मागतेय. माफी मागू नका, मागण्यासारखं काही घडलेलंच नाही. चार दिवस अबोला धरतील कदाचित. धरू द्या, चहा वेळेवर देत जा.

आणि त्यांनी वाचायला मागितली तर? ते तुम्ही ठरवा. मी तुमच्या जागी असते, तर सारंगखेड्याचं तेवढं पत्र दिलं असतं, बाकीची नाही.